अलॉयच्या जुन्या चाकांतून झिरपणारी हवा : कारणे, परीक्षा व उपाय

यवतमाळ जिल्ह्यात बैलबंडीच्या जोडीला आता जुनी मोटारगाडी किंवा जीप पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारी दिसते. बियाणे व खते आणणे, बाजारास जाणे, रात्री-अपरात्री रुग्णास तालुक्याच्या गावी पोहोचविणे ही कामे तीच गाडी करते. अशा गाड्यांपैकी अनेकींना ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूची, म्हणजे अलॉयची चाके असतात. चाके आठ-दहा वर्षांची झाली की, टायरमध्ये खिळा वा काटा नसतानाही दर आठवड्यास हवा कमी होते अशी तक्रार येते. पंक्चरवाला टायर पाहतो, छिद्र सापडत नाही, हवा भरून गाडी परत येते आणि चार दिवसांनी पुन्हा तीच स्थिती होते. अशा वेळी दोष बहुधा टायरचा नसून चाकाचा असतो.

हवा कोठे अडते?

ट्यूब नसलेल्या टायरमध्ये हवा तीन ठिकाणी अडविलेली असते : टायरच्या आतील रबरी अस्तराने, टायरची तार भरलेली कड रिमवर घट्ट बसल्याने, आणि व्हॉल्व्हने. यांपैकी दुसरी जागा जुन्या चाकात सर्वांत आधी दुबळी होते.

ॲल्युमिनिअमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप तयार होतो व तो आतील धातूचे रक्षण करतो. परंतु ओलावा आणि क्षार एकत्र आले की हा थर जागोजागी फुटतो. टायर चढविताना पहारीचा ओरखडा लागला, किंवा वजन साधण्यासाठी ठोकलेल्या शिशाच्या तुकड्याखाली रंग निघाला, की तेथून ओल शिरते. रंगाखाली पांढरी भुकटी साचते. ती मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते, त्यामुळे रंग फुगतो, टायरची कड किंचित उचलली जाते आणि त्या फटीतून हवा झिरपते.

आपल्या भागात या क्रियेस साहाय्य करणारी कारणे पुष्कळ आहेत. पावसाळ्यात काळ्या जमिनीचा चिकट चिखल रिमच्या आतील बाजूस दिवसेंदिवस ओला राहतो. खतांची पोती वाहताना सांडलेले म्युरेट ऑफ पोटॅश हे क्लोराइडयुक्त असल्याने ॲल्युमिनिअमला विशेष हानिकारक असते. चाके चकाकावीत म्हणून तीव्र आम्लाने धुण्याची पद्धतही तितकीच वाईट होय.

याखेरीज तीन कारणे आढळतात. खड्ड्यात आदळून रिमची आतील कड वाकते. ही बाजू बाहेरून दिसत नाही. व्हॉल्व्हचे रबर उन्हाने तडकते किंवा त्यातील पिन सैल होते. काही चाकांत ओतकामाच्या वेळीच सूक्ष्म छिद्रे राहिलेली असतात, व वरचा रंग झिजल्यावर ती उघडी पडतात.

गळती आहे की थंडी?

चांगल्या टायरमधूनही महिन्याकाठी एक-दोन पौंड हवा कमी होणे स्वाभाविक आहे. तसेच तापमान १० अंश सेल्सिअसने उतरले की ३२ पौंडांच्या टायरमधील दाब सुमारे दीड पौंडाने घटतो. म्हणून मार्गशीर्ष-पौषातील थंड सकाळी चारही चाके सारखीच उतरलेली दिसली तर तो ऋतूचा परिणाम समजावा. एकच चाक उतरत असेल तर मात्र गळती मानावी. सात दिवस, रोज सकाळी गाडी चालविण्यापूर्वी, एकाच गेजने चारही चाके व स्टेपनी तपासून आकडे वहीत लिहावेत.

परीक्षा

गाडी सपाट व कठीण जागी उभी करावी, इतर चाकांना दगडाची उटी लावावी आणि जॅकखाली जाड फळी ठेवावी. काळ्या मातीत जॅक खचतो. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. चाक काढून त्यात गाडीच्या पट्टीवर दिलेल्या दाबाइतकी हवा भरावी. नंतर साबणाचे दाट पाणी क्रमाने व्हॉल्व्हच्या तोंडावर, त्याच्या बुडाशी, दोन्ही बाजूंच्या कडांवर, टायरवर आणि शेवटी रिमच्या आतील धातूवर लावावे. सूक्ष्म गळतीचा फेस उमटण्यास पाच-दहा मिनिटे लागतात. तेथे घाई करू नये. जेथे फेस येईल तेथे खडूने टायर व रिम या दोहोंवर खूण करावी.

उपाय

व्हॉल्व्हची गळती सर्वांत स्वस्तात दूर होते. पिन किंवा संपूर्ण व्हॉल्व्ह बदलावा, आणि प्रत्येक नव्या टायरसोबत नवा व्हॉल्व्ह घालावा.

कडेची गळती असल्यास प्रथम सर्व हवा सोडून टायर यंत्राने उतरवावा. रिमची बैठक बारीक पॉलिश पेपरने किंवा नायलॉनच्या घासणीने, पांढरी भुकटी निघून स्वच्छ धातू लागेपर्यंत घासावी. लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये; त्याचे कण धातूत रुतून नवी झीज सुरू होते. टायरची कडही पुसून तपासावी. उघड्या धातूस प्राइमर व रंगाचा पातळ थर देऊन पूर्ण वाळू द्यावा, आणि त्यानंतर कडेस लावण्याचे रबरी सीलर पातळ लावावे. न घासता नुसते सीलर थापल्यास खालची भुकटी वाढतच राहते व काही महिन्यांत गळती परत येते. टायर चढविताना साबणाची लापशी वापरावी. ग्रीस, डिझेल किंवा खनिज तेल रबरास मारक आहे.

कड बसविताना ४० पौंडांपेक्षा अधिक दाब देऊ नये व चाकावर ओणवे होऊ नये. पेट्रोल पेटवून टायर बसविण्याचा प्रकार जीवघेणा आहे.

किंचित वाकलेली रिम तज्ज्ञाकडून सरळ करता येते. तडा गेलेले चाक मात्र बदलावेच. वेल्डिंगच्या उष्णतेने मिश्रधातूची ताकद कमी होते. आणि टायर चढलेल्या रिमवर वेल्डिंग केल्यास टायर फुटून प्राण जाण्याचा धोका असतो. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या साहाय्याने गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पंक्चर दुरुस्त करणाऱ्या तरुणांसाठी याचे प्रात्यक्षिक ठेवल्यास ते उपयुक्त ठरेल.

दुर्लक्षाची किंमत

कमी हवेच्या टायरच्या बाजू सतत दुमडतात व तापतात. वैशाखाच्या उन्हात, माणसांनी व ओझ्याने भरलेली गाडी पांढरकवड्याच्या महामार्गावर वेगाने जात असता असा टायर फुटला तर ती सावरणे कठीण होते. याशिवाय दोन्ही काठ लवकर झिजतात व इंधन अधिक लागते ते वेगळेच.

शेतकऱ्यांनी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१. पंधरा दिवसांतून एकदा, टायर थंड असताना, स्टेपनीसह हवा मोजावी.
२. खत वाहून आणल्यावर व चिखलातून आल्यावर चाके आतून साध्या पाण्याने धुवावीत.
३. एकाच चाकात वारंवार हवा भरावी लागत असल्यास रिमची बैठक तपासून घ्यावी.
४. चाक परत बसविताना नट आमनेसामने आवळावेत व ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत.
५. व्हॉल्व्हचे टोपण हरवू देऊ नये. धूळ व ओल तेच अडविते.