एक कीबोर्ड, दोन संगणक



कीबोर्ड अक्षर पाठवत नाही. कुठल्या जागेवरची कळ दाबली, एवढा क्रमांक तो संगणकाला कळवतो. त्याचा ‘क’ करायचा की आणखी काही, हे त्या संगणकातली मांडणी ठरवते. जळगाव-धुळ्याकडे डीटीपीच्या दुकानात जुन्या फॉन्टचे काम एका संगणकावर आणि युनिकोडचे दुसऱ्यावर चालत असेल, तर मध्ये केव्हीएम स्विच बसवून एकच कीबोर्ड दोन्हींना पुरतो. पण एकीकडे टाइपरायटरची रेमिंग्टन मांडणी आणि दुसरीकडे इनस्क्रिप्ट असेल, तर स्विच फिरवताच त्याच कळेतून भलतेच अक्षर उमटते. कळांवर स्टिकर चिकटवून हे सुटत नाही. टंकयंत्रावर हात बसलेल्याने दोन्हीकडे रेमिंग्टन ठेवावी. युनिकोडसाठीही ती मिळते. नव्या माणसाने मात्र इनस्क्रिप्टच शिकावी. १९९१च्या भारतीय मानकात ती आहे, विंडोज आणि लिनक्समध्ये ती वेगळी विकत घ्यावी लागत नाही, आणि स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला असल्याने लवकर अंगवळणी पडते. मराठी चालू आहे की इंग्रजी, हेही प्रत्येक संगणक आपापले लक्षात ठेवतो; स्विच केल्यावर आधी पडद्याच्या कोपऱ्यातली भाषेची खूण पाहावी.

कीबोर्ड जरा वेगळा असला की अडचण स्विचकडून येते. बरेच स्विच संगणकापुढे स्वतःच साध्या कीबोर्डचे सोंग घेतात, म्हणजे दर वेळी नवी ओळख पटवावी लागत नाही. या सोंगात शिफ्ट-कंट्रोलसारख्या कळा आणि एका वेळी आणखी सहा, एवढेच बसते. आवाजाच्या कळा, मॅक्रो, कितीही कळा एकदम ओळखण्याची सोय, हे सगळे गळते. कधी कीबोर्डच मुका होतो. अशा कीबोर्डला सहा कळांची साधी पद्धत असल्यास ती लावावी, नाहीतर तो स्विचच्या साध्या यूएसबी जागेत जोडावा. तिथे तो पूर्ण चालतो, पण कळा दाबून संगणक बदलता येत नाही. हा बदल पुष्कळदा स्क्रोल लॉक दोनदा दाबून होतो आणि छोट्या कीबोर्डांवर ती कळच नसते. म्हणून बटणाचा स्विच बरा.

काही कीबोर्डांत मांडणी आतच बदलता येते. ती स्विचमधून दोन्ही संगणकांपर्यंत पोचते खरी, पण बदलतात ते कळांचे क्रमांक. देवनागरी संगणकातच लावावी लागते. दोन्हीकडे फेरफार केला तर दुहेरी घोळ होतो. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये स्विच घेताना स्वतःचा कीबोर्ड सोबत न्यावा आणि शिफ्टची अक्षरे तिथेच उमटवून पाहावीत.