हळदीचा डाग आणि घाईचा हात

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. साडीवर, पंच्यावर, उशीच्या अभ्र्यावर हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तरीही गाडीच्या फिकट सीटवर हळद लागली की घरातलं कुणीतरी कपडे धुण्याची पावडर आणि ब्रश घेऊन धावतंच. माझ्या पुतणीच्या हळदीला तसंच झालं. जूनची सुरुवात, पाऊस तोंडावर आलेला. अंगणात हळद चालू असतानाच सरी कोसळायला लागल्या आणि हळदीनं माखलेली नवरी, करवल्या, दोन लहान मुलं अशी सगळी आमच्या गाडीत बसून कार्यालयाकडे निघाली. सीट बदामी रंगाच्या, कापडी. उतरताना मागच्या सीटवर पिवळाधमक डाग पडला होता.

सांगलीत राहणाऱ्यांना हळद काय चीज आहे हे सांगावं लागत नाही. पण हळदीचा रंग ज्या कर्क्युमिनमुळे येतो ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि स्पिरिटमध्ये विरघळतं, क्षार लागला की तांबडं होतं आणि उन्हात हळूहळू विरून जातं, या चार गोष्टी डागासमोर उभं राहिल्यावर कुणाला आठवत नाहीत. हळदीत क्षार घालूनच परंपरेनं कुंकू करतात. कपड्यांची पावडर, भांड्यांची वडी, खायचा सोडा हे सगळे क्षारच. त्या संध्याकाळी प्रेमापोटी धावून आलेल्या पाहुण्यांनी बादलीभर फेस सीटवर ओतला. पिवळा डाग विटकरी झाला आणि ब्रशनं घासल्यामुळे तळहाताएवढा होता तो मांडीएवढा पसरला.

खरं नुकसान पुढे झालं. लग्न आटोपल्यावर गाडी एका धुलाई केंद्रात दिली. त्यांनी सगळ्याच सीटना भरपूर पाणी आणि शाम्पू मारून मशीन फिरवलं आणि त्याच दिवशी गाडी परत दिली. वरून कापड कोरडं लागत होतं. बाहेर पाऊस, काचा बंद. थोड्याच दिवसांत गाडीत ओल्या पोत्यासारखा वास यायला लागला, शिवणीच्या कडेनं बुरशीचे काळे ठिपके उठले आणि शेजारच्या सीटवर कुणी नसताना ‘पट्टा लावा’ म्हणून गाडी पिपाणी वाजवायला लागली. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना पुढच्या दोन्ही सीटसाठी पट्ट्याची आठवण देणारी यंत्रणा सक्तीची आहे. शेजारच्या सीटवर कुणी बसलंय का, हे ओळखणारा सेन्सर बहुधा सीटच्या आतच असतो. पाणी तिथवर उतरलं होतं.

मिरजेच्या एका जुन्या कुशनवाल्या चाचांनी ते निस्तरलं. त्यांनी सीटवर नुसता हाताचा तळवा दाबला आणि म्हणाले, ‘‘वहिनी, पाणी वरून दिसत नाही, पण स्पंजात बसलंय. हे काढल्याशिवाय काही नाही व्हायचं.’’ क्लिपा उघडून खोळ वेगळी केली, स्पंज पंख्याखाली उभा ठेवला. खोळ साध्या पाण्यात वारंवार खळबळली तेव्हा साबणाचा अंश गेला आणि विटकरी रंग पुन्हा पिवळा झाला. मग उघडीप मिळेल तशी ती दोरीवर टाकली. पिवळा रंग उन्हानंच नेला. जे राहिलं ते ब्रशनं उसवलेलं कापड आणि शिवणीतले ठिपके. म्हणजे हळदीनं जे केलं होतं ते गेलं, उपायांनी जे केलं ते राहिलं. मला हे मनापासून खुपतं, कारण घराघरांत अशाच सीट वाया जाताना मी पाहते.

म्हणून आधी सीट कशाची आहे ते बघा. पाण्याचा एक थेंब टाका. जिरला तर कापड, वर मोत्यासारखा थांबला तर बहुधा रेक्झिन किंवा कातड्यासारखं दिसणारं कृत्रिम लेदर. विक्रेत्याच्या तोंडी सगळंच ‘लेदर’ असतं, तिकडे लक्ष देऊ नका. कोणताही उपाय आधी सीटच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेला करून बघायचा आणि वाळेपर्यंत थांबायचं. ओलं असताना रंग कळत नाही.

कापडी सीटवरची हळद ओली असेल तर चमच्याच्या कडेनं, डागाच्या बाहेरून आतल्या बाजूला खरवडून उचला. कोरडी असेल तर पाणी न लावता आधी व्हॅक्युम. लग्नाच्या हळदीत तेल असतंच, त्यासाठी भांडी घासायचं लिक्विड, वडी नव्हे, पाण्यात अगदी थेंबभर घालून कापड पिळून टिपा. मग पांढऱ्या सुती फडक्यावर सर्जिकल स्पिरिट घेऊन दाबून टिपत राहा. फडक्यावर पिवळा रंग उतरताना दिसतो. दर वेळी फडक्याची स्वच्छ बाजू घ्यायची, घासायचं नाही. गाडीची दारं उघडी हवीत आणि आसपास विस्तव, सिगारेट काही नको. कुणी आधीच साबण लावून डाग लाल केला असेल तर पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून टिपलं की तो पिवळ्यावर येतो, मग पुढचं काम सोपं. उरलेल्या छटेसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड आहे. आपल्याकडे औषधाच्या दुकानात ते बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं. बाटलीवर वाचून, तेवढंच पाणी घालून ३ टक्क्यांवर आणायचं. व्हिनेगर लावलं असेल तर ते आधी साध्या पाण्यानं पूर्ण टिपून काढा, ही दोन कधीच एकत्र आणायची नाहीत. आणि शेवटी ऊन. दार उघडं ठेवून सीटवर थेट ऊन पडेल अशी गाडी लावा. एका दिवसात चमत्कार होत नाही, पण हळद फिकी पडत जाते. माझ्या मते हा सगळ्यात भरवशाचा उपाय आहे आणि फुकट आहे, म्हणूनच बहुधा कुणी सांगत नाही.

रेक्झिनवर घाई दुसऱ्या कारणासाठी हवी. त्यात मऊपणासाठी घातलेली द्रव्यं रंग हळूहळू आत ओढून घेतात. लगेच पुसलं तर डाग वरच असतो, महिन्याभरानं तो पुसण्याच्या पलीकडे गेलेला असतो. जीन्सचा निळा रंग याचं ठळक उदाहरण. नीळ ही सुताच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरच्या थरावर बसते आणि घासली की सुटते. ड्रायव्हरच्या सीटचा दाराकडचा फुगवटा बघा, चढता-उतरता तिथेच घासतं. नवी गडद जीन्स आधी एक-दोनदा धुऊनच वापरा, आणि आठवड्याला ओल्या फडक्यानं सौम्य साबणाचं पाणी फिरवून तो भाग पुसत जा. स्पिरिट इथेही चालतं, पण फडक्याला जेमतेम ओल येईल इतकंच आणि लगेच ओल्या कापडानं पुसून. जास्त घासलं तर वरचा झिलईचा थर जातो. सॅनिटायझरची बाटली सीटवर सांडू देऊ नका, त्यातही तेच अल्कोहोल असतं.

इतर डागांचं थोडक्यात. रक्त आणि दूध असेल तिथे गार पाणीच, गरम पाण्यानं त्यातली प्रथिनं गोठून धाग्यात बसतात. वडापाव, भजी, केसांचं खोबरेल यांचे तेलकट डाग पडले की टाल्कम पावडर जाड पसरून काही तास ठेवा, मग झटका. पानाचा डाग मात्र कठीण. त्यातला काथ एकदा कापडात वाळला की घरी पूर्ण निघेल असं वचन मी देणार नाही, गाडीत पान न खाणं एवढंच हाती आहे. चहाचा डाग निघतो, पण मागे पाण्याचं कडं राहतं. पाणी वाळताना विरघळलेला मळ कडेला नेऊन ठेवतं म्हणून तसं होतं. फक्त डाग ओला न करता एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा सगळा भाग हलका, सारखा ओलसर करून टिपला की कडं उठत नाही.

नेलपॉलिश काढायचं द्रव्य आणि थिनर सीटजवळही नेऊ नका, प्लास्टिकचा थर विरघळतो. ब्लीचनं धागा कमजोर होतो. जादूचा म्हणून विकला जाणारा पांढरा स्पंज हा मुळात बारीक घासकागद आहे, रेक्झिनवर तो डागाबरोबर झिलईही नेतो.

सीट धुवायला द्यायच्याच असतील तर पाणी किती मारणार, ओढून घेणारं मशीन आहे का आणि वाळायला गाडी किती वेळ ठेवणार, हे आधी विचारा. ‘संध्याकाळी घेऊन जा’ असं उत्तर पावसाळ्यात आलं तर गाडी वळवा. कोकणात, कोल्हापूरकडे, जिथे आठवडा आठवडा ऊन दिसत नाही तिथे हे काम दिवाळीनंतरच करून घ्यावं.

आता जपण्याचं. शोरूममधून येणारं प्लास्टिक कित्येक जण वर्षानुवर्षं ठेवतात. त्याखाली घाम आणि दमटपणा कोंडतो आणि सीट आतून खराब होते. ते काढाच. स्वस्त काळी-लाल कव्हरं आणि गडद उशा घामानं, पावसानं ओल्या झाल्या की रंग सोडतात, तो थेट फिकट सीटवर उतरतो. कव्हर घ्यायचं तर फिकटच, आणि आधी पांढरं ओलं फडकं त्यावर घासून बघा. लग्नसराईत आणि गणपतीच्या दिवसांत मागच्या सीटवर धुतलेली जुनी पांढरी चादर किंवा सुती सतरंजी अंथरली तरी पुरते. हळद, गुलाल सगळं तिच्यावर. आम्ही आता तेच करतो.

एक गोष्ट मात्र डागापेक्षा मोठी आहे. ज्या गाड्यांना बाजूच्या एअरबॅग असतात, त्यांची पिशवी बहुतेक वेळा पुढच्या सीटच्या पाठीच्या दाराकडच्या शिवणीतून फुटून बाहेर येते. तिथे एअरबॅग असं लिहिलेली छोटी पट्टी शिवलेली दिसेल. घट्ट, जाड कव्हर त्यावर चढवलं तर पिशवी अडू शकते. कव्हर शिवणाऱ्याला ती पट्टी बोट ठेवून दाखवा. ती बाजू मोकळी सोडता येत नाही म्हणाला, तर पुढच्या सीटला कव्हर घालू नका, डाग पडला तरी चालेल.