वालूरची बारव पाहण्याआधी: वाहन, वाटाड्या आणि ठरलेले पैसे

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर हे गाव तेथील बारवांमुळे, म्हणजे पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरता येणाऱ्या दगडी विहिरींमुळे, अलीकडे हौशी प्रवाशांच्या यादीत आले असले, तरी बाहेरून आलेल्या माणसाला त्या बारवांपर्यंत नेणारी व्यवस्था बहुतांशी खाजगी वाहनवाल्यांच्या मर्जीवर चालते, आणि ही मर्जी किती महाग पडते याचा पुरेपूर अनुभव प्रस्तुत लेखकाला आलेला आहे. सेलू नावाची तालुक्याची गावे महाराष्ट्रात दोन असून त्यांतील एक वर्धा जिल्ह्यात आहे. त्यामुळे आरक्षण करताना जालना–परभणी लोहमार्गावरील, परतूर आणि मानवत रोड यांच्या दरम्यानचे सेलूच अभिप्रेत आहे, याची खात्री आधी करून घ्यावी.

वास्तुशास्त्रीय ग्रंथांत पायऱ्यांच्या विहिरींचे नंदा, भद्रा, जया आणि विजया असे चार प्रकार सांगितलेले असून त्यांना अनुक्रमे एक, दोन, तीन आणि चार बाजूंनी उतरण्याच्या वाटा असतात. वालूरची जी बारव विशेष ख्यातीची आहे, ती या सरळ वाटांच्या विहिरींहून निराळी आहे. तिच्या पायऱ्या भिंतीला लागून चक्राकार फिरत तळाकडे जातात. गाळाने आणि कचऱ्याने भरलेली ही बारव गावकऱ्यांनी श्रमदानाने मोकळी केली, ही गोष्ट कोणत्याही पुरातत्त्वीय अहवालाइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे. मात्र गावात बारव एकच नाही, आणि नेमका याच गोष्टीचा फायदा घेतला जातो.

‘सगळं दाखवून आणतो’ असे सांगून आगाऊ पैसे घेतलेल्या वाहनचालकाने लेखकाला ज्या विहिरीच्या काठावर उभे केले, तिच्या पायऱ्या एकाच बाजूने सरळ खाली जात होत्या, आणि कितीही वाकून पाहिले तरी त्या कोठेही वळत नव्हत्या; हे लक्षात आणून दिल्यावर त्याने, बारव म्हणजे बारवच की साहेब, त्यात काय एवढं, असे उत्तर देऊन गाडीचा हॉर्न वाजवला. डोक्यावर गवताचा भारा घेऊन चाललेल्या एका बाईने, ‘ही नव्हं, गोल पायऱ्याची तिकडं हाय,’ असे न विचारता सांगितले, तेव्हाही या गृहस्थाच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. उलट तेवढ्या अंतरासाठी त्याने वेगळे पैसे मागितले. लेखक पायी गेला आणि बारव पाहून आला. मधल्या काळात गाडी निघून गेलेली होती.

हा प्रकार वालूरपुरता नाही. चीनमधील शीआन या प्राचीन राजधानीजवळ 1974 साली विहीर खोदणाऱ्या शेतकऱ्यांना सम्राट छिन शी हुआंगच्या मातीच्या सैनिकांचा शोध लागला, आणि आज तेथेही परक्या प्रवाशांना भाड्याच्या गाडीतून नकली पुतळ्यांच्या प्रदर्शनात नेऊन सोडले जाते, ही तक्रार जुनीच आहे.

म्हणून वाहन ठरवताना स्थळाचे केवळ नाव सांगून भागत नाही. चक्राकार पायऱ्यांच्या बारवेचे छायाचित्र चालकाला दाखवावे, थांबण्याचा वेळ आणि परतीचा प्रवास भाड्यात धरलेला आहे हे वदवून घ्यावे, आणि निम्म्याहून अधिक रक्कम परत सेलूला उतरल्यावरच हातावर ठेवावी. एसटीने जाणाऱ्याने परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ निघण्यापूर्वीच वाहतूक नियंत्रकाकडून विचारून घ्यावी, कारण फलकावरील वेळापत्रक आणि प्रत्यक्ष गाडी यांचे नाते नेहमीच सलोख्याचे नसते. पाणी आणि टोपी सोबत असावी, हे सांगायला नकोच. पावसाळ्यात खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात व वरच्या शेवाळतात, त्यामुळे हिवाळ्याच्या अखेरीस जाणे सोयीचे ठरते. जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथील मंदिरे आणि मानस्तंभ त्याच दिवसात बसवून देण्याचे आमिष कोणी दाखवले, तर ते नाकारावे; त्या गावाला स्वतंत्र दिवस द्यावा लागतो, आणि ‘पाच स्थळे, एक दिवस’ असे सांगणाऱ्या माणसाने त्यांपैकी एकही स्थळ धड पाहिलेले नसते. सदर चालकाने आगाऊ घेतलेले पैसे अद्याप परत केलेले नाहीत.