खर्डा ते वसई : सात वर्षांत काय झालं?

इंग्लिश मीडियमच्या हिस्ट्रीत सीझरला अख्खा चॅप्टर होता, खर्ड्याला जेमतेम एक ओळ. खरं तर खर्डा आमच्या पालीपासून फार लांब नाही. 11 मार्च 1795 ला तिथे पेशवे, शिंदे, होळकर, भोसले असे सगळे मिळून निजामाविरुद्ध लढले आणि जिंकले. आणि 31 डिसेंबर 1802 ला दुसऱ्या बाजीरावाने वसईला तह करून इंग्रजांची तैनाती फौज घेतली. फक्त सात वर्षं!

कारण विचारलं की 'फितुरी' हे उत्तर ठरलेलं. मला ते अपुरं वाटतं. मूळ प्रश्न पगाराचा आहे. शिवाजी महाराजांचा भर रोख पगारावर होता. राजाराम महाराजांच्या काळात औरंगजेबाशी झुंज चालू, तिजोरी रिकामी. म्हणून सरदारांना मुलूख तोडून देणं भाग पडलं. पुढे हाच सरंजाम रुळला. वसूल सरदाराने घ्यायचा, त्यातून फौज पोसायची. मग शिपाई पुण्याकडे कशाला बघेल? (मेसचं बिल जो भरतो त्याचंच पोरं ऐकतात, हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको.)

रोममध्येही असंच झालं. इ.स.पू. 107 मध्ये मारियसने भूमिहीनांना फौजेत घेतलं. नोकरी संपल्यावर जमीन मिळायची ती सेनापतीच्या वजनामुळे. इ.स.पू. 88 ला सुल्ला तीच फौज घेऊन रोमवर चालून गेला. सीझर त्यानंतरचा.

आपलं राज्य काही प्रजासत्ताक नव्हतं, हा फरक आहेच. शिवाय पेशवे स्वतः छत्रपतींचे नोकर. 1749 ला शाहू महाराज गेल्यावर सत्ता पुण्याला आली. सरदारांनी कित्ता पेशव्यांचाच गिरवला, असं माझं मत.

1795 मध्येच सवाई माधवराव गेले, 1800 मध्ये नाना फडणवीस. ब्रेकच निघाला. पुण्यात दौलतराव शिंद्यांची फौज, बाजीराव तिच्या जोरावर गादीवर. एप्रिल 1801 मध्ये त्याने विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिलं. भाऊ यशवंतराव चालून आले. 25 ऑक्टोबर 1802 ला हडपसरजवळ त्यांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला, आणि बाजीराव पळाला तो अखेर वसईला पोचला.

1803 मध्ये शिंदे-भोसले इंग्रजांशी लढले तेव्हा होळकर बाजूला राहिले. 1804 मध्ये होळकर लढायला उतरले, तोवर शिंदे-भोसले तह करून बसले होते.