धुरावरच्या चिकन विंग्स : परदेशात नव्याने संसार मांडणाऱ्या कुटुंबांसाठी

देवनार, गोवंडी, चेंबूर या मुंबईच्या पूर्व उपनगरांतून अमेरिकेत किंवा कॅनडात नव्याने गेलेल्या मराठी कुटुंबाला शेजाऱ्यांच्या अंगणातून येणारा लाकडी धुराचा वास पहिल्याच उन्हाळ्यात ओळखीचा होतो, आणि फेब्रुवारीत अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, म्हणजे सुपर बोलच्या, रविवारी कोणाच्या ना कोणाच्या घरी विंग्सचे ताट समोर येतेच. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात अँकर बार या उपाहारगृहात १९६४ साली टेरेसा बेलिसिमो यांनी तळलेल्या विंग्सवर लोणी आणि तिखट सॉस घालून हा पदार्थ रूढ केला, अशी त्याची सर्वाधिक प्रचलित कथा आहे. त्याआधी कोंबडीचा हा भाग तिकडेही प्रामुख्याने सूपाच्या भांड्यातच जात असे. तळलेल्या विंग्स बाजारात कुठेही मिळतात, पण धुरावर शिजवलेल्या विंग्सची गोडी घरच्या अंगणातच लागते, आणि तिथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या अनुभवाचे सार असे, की या पाककृतीत नवागताला नवे शिकावे लागते त्याहून अधिक मुंबईच्या काही सवयी बाजूला ठेवाव्या लागतात.

देवनारच्या रहिवाशाला मांसाचा व्यवहार परका नसतो. महापालिकेचे देवनार पशुवधगृह १९७१ पासून चालू असून बकरी ईदच्या आधी तिथे भरणारा बकऱ्यांचा बाजार साऱ्या शहराला ठाऊक आहे. कोंबडी मात्र तिथून येत नाही. ती गल्लीतल्या चिकनच्या दुकानात पिंजऱ्यात असते, गिऱ्हाइकासमोर वजन होऊन कापली जाते, आणि दुकानदार वेगळे सांगितले नाही तर कातडे ओढून काढूनच तुकडे करतो. रश्श्यासाठी केलेल्या त्या तुकड्यांत विंग्सना फारसा मान नसतो, कारण कातडे गेल्यावर त्यांवर मांस नावापुरतेच उरते. परदेशातील दुकानात याच विंग्स कातड्यासह, थंड करून, थाळीत बंद केलेल्या मिळतात. त्या अखंड असल्यास प्रत्येक विंगचे खांद्याकडचा गोल भाग, दोन हाडांचा मधला चपटा भाग आणि टोक असे तीन तुकडे सांध्यावर सुरी ठेवून सहज होतात. टोके सूपासाठी गोठवून ठेवावीत. उरलेले तुकडे पाउंडाला साधारण दहा भरतात, आणि मोठ्या माणसामागे आठ ते दहा तुकडे धरले की कमी पडत नाही.

कातडे काढण्याचा मोह पहिल्या काही वेळा प्रत्येक मराठी घराला होतो आणि तो आवरावाच लागतो, कारण या पदार्थाचा सारा अर्थ त्या कातड्यात आहे. त्याखालची चरबी हळूहळू वितळून मांस ओलसर ठेवते आणि वरचा थर सुकून कुरकुरीत होतो. कातडे नसेल तर त्या धुरात विंग्स वाळून दोरीसारख्या होतात. दुसरी सवय नळाखाली मांस धुण्याची. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला कच्ची कोंबडी न धुण्याचा आहे, कारण उडणाऱ्या तुषारांबरोबर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जीवाणू सिंकभर आणि ओट्यावर पसरतात, आणि ते नष्ट होतात ते पाण्याने नव्हे, शिजण्याच्या उष्णतेने. कुरकुरीतपणाच्या दृष्टीनेही पाणी नकोच. तुकडे कागदी टॉवेलने टिपून कोरडे करावेत, किलोमागे सुमारे १५ ग्रॅम मीठ आणि दोन लहान चमचे बेकिंग पावडर सर्वत्र सारखी चोळावी, आणि ते जाळीवर एकमेकांना न चिकटतील असे मांडून फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, म्हणजे गळणारा रस दुसऱ्या अन्नावर पडणार नाही अशा जागी, रात्रभर उघडे ठेवावेत. बेकिंग पावडरमुळे कातड्याच्या पृष्ठभागाचा आम्लपणा घटतो, ते चांगले तांबूस होते आणि लवकर कुरकुरते. तिच्या जागी खाण्याचा सोडा वापरला तर मात्र साबणासारखी चव उतरते, आणि दोन्ही पांढरी चूर्णे डब्यात सारखीच दिसत असल्याने ही गफलत नव्या घरात वारंवार होते.

आता धुराकडे वळावे. मराठी स्वयंपाकाला धूर नवा नाही. वांग्याचे भरीत, मठ्ठा किंवा खिमा तयार झाल्यावर त्यात वाटी ठेवून, वाटीत पेटता निखारा ठेवून, निखाऱ्यावर चमचाभर तूप सोडून वर घट्ट झाकण घालतात. यालाच धुरी देणे म्हणतात. रायगड जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत, वालाच्या शेंगा भरू लागल्या की होणारी पोपटी ही याहून जवळची गोष्ट आहे: मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी आणि मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, तोंडाशी पुन्हा पाला, आणि मडके पालथे घालून भोवती पेंढ्याचा व काटक्यांचा जाळ. पोपटीत मात्र कोंबडी शिजते ती मडक्यातल्या वाफेवर आणि पाल्याच्या वासात. धूर बाहेरच राहतो. धुरीत धूर मांसापर्यंत पोहोचतो, पण शिजवणे संपल्यावर आणि काही मिनिटांपुरताच. परदेशी स्मोकरचा क्रम याच्या उलट आहे. तिथे धूर पहिल्या क्षणापासून कच्च्या मांसावर फिरतो, कारण थंड व किंचित ओलसर पृष्ठभागावर तो अधिक बसतो आणि कातडे तापून कोरडे पडत गेले की त्याचे बसणे मंदावते. म्हणून विंग्स फ्रीजमधून काढून थेट स्मोकरमध्ये ठेवाव्यात, आणि धुराचे लाकूडही सुरुवातीच्या अर्ध्या-पाऊण तासापुरतेच घालावे; पुढे घातलेले लाकूड चवीत भर टाकत नाही, कडवटपणा मात्र वाढवते.

धुराबद्दल देवनारच्या माणसाच्या मनात जो संशय असतो तो अगदी सकारण आहे. १९२७ पासून वापरात असलेल्या देवनार कचराभूमीला जानेवारी २०१६ च्या अखेरीस लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला, परिसरातील महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, आणि शिवाजीनगर, बैंगनवाडीतल्या घरांनी तो दिवसेंदिवस श्वासात घेतला. ज्यांनी तो अनुभवला त्यांना धूर हा चवीचा पदार्थ आहे हे पटायला वेळ लागावा यात नवल नाही. पण त्या अनुभवातून आलेली समज इथे उपयोगीच पडते, कारण धुराचा गुण सर्वस्वी काय जळते आणि ते किती हवेत जळते यावर ठरतो. कोरड्या, कठीण लाकडातील लिग्निन हा लाकडाला ताठपणा देणारा घटक तापून फुटतो तेव्हा त्यातून ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही सुवासिक द्रव्ये निघतात, आणि स्मोक्ड मांसाची ओळख असलेली चव व वास प्रामुख्याने त्यांचाच असतो. हेच लाकूड हवेविना कोंडून धुमसत राहिले तर दाट पांढरा धूर निघतो, त्यातील डांबरासारखा अंश कातड्यावर साचतो, आणि जिभेला चुरचुरणारी कडू चव येते. चिमणीतून जेमतेम दिसणारा, पातळ, निळसर धूर हा योग्य धूर. दाट पांढरा दिसत असेल तोवर विंग्स आत ठेवू नयेत, आणि वरची झडप कधीही पूर्ण बंद करू नये. रंग दिलेले, रसायन मुरवलेले किंवा फळकुटांच्या खोक्यांचे लाकूड, तसेच पाइनसारखे राळ असलेले लाकूड जाळू नये, याविषयी दुमत नाही.

लाकूड निवडताना सफरचंद किंवा चेरी यांच्यापासून आरंभ करावा, कारण त्यांचा धूर सौम्य असतो आणि कोंबडीच्या मांसाला तोच शोभतो. हिकोरीचा धूर अधिक जोरकस असतो आणि बेताने वापरल्यास चालतो. टेक्सासकडे आवडीने वापरले जाणारे मेस्किट हे आपल्याकडच्या वेड्या बाभळीचे सख्खे भावंड; त्याचा जाळ कडक आणि धूर उग्र असल्याने विंग्ससारख्या लहान तुकड्यांना ते झेपत नाही.

स्वतंत्र स्मोकर विकत घेण्याची घाई करू नये. झाकणाची साधी गोल केटल ग्रिल पुरते. पेटवण्याच्या नळकांड्यात कोळसा पेटवून त्यावर करडी राख धरेपर्यंत थांबावे, मग सारे निखारे एका बाजूला लोटून दुसऱ्या रिकाम्या बाजूखाली चरबी गळण्यासाठी पसरट भांडे ठेवावे, निखाऱ्यावर मुठीएवढे लाकडाचे एक-दोन तुकडे टाकावेत, आणि विंग्स रिकाम्या बाजूच्या जाळीवर मांडून झाकणाची झडप त्यांच्याच वर येईल असे झाकण फिरवावे, म्हणजे धूर त्यांच्यावरून ओढला जातो. जाळीच्या पातळीवर १०७ ते १२१ अंश सेल्सिअस तापमानात अर्धा ते पाऊण तास गेला की विंग्सना धूर पुरेसा लागतो. याच तापमानावर त्या शेवटपर्यंत शिजू दिल्या, तर मांस उत्तम होते पण कातडे रबरासारखे चिवट राहते, आणि नवागतांची सर्वाधिक निराशा इथेच होते. पदार्थाला नावे ठेवण्यापूर्वी आच वाढवून पाहावी. झडपा पूर्ण उघडून, गरज पडल्यास ताजे निखारे घालून तापमान १९० ते २०० अंशांपर्यंत चढवावे आणि आणखी वीस ते तीस मिनिटे, मध्ये एकदा उलटून, ठेवावे. मिनेसोटा किंवा ओंटारिओच्या थंडीत प्रत्येक टप्पा लांबतो, तेव्हा घड्याळापेक्षा तापमापकावर विसंबावे.

मांसात टोचायचा तापमापक ही या साऱ्यातली एकमेव अत्यावश्यक खरेदी आहे. हाडाला न टेकवता घेतलेले तापमान ७४ अंश सेल्सिअस, म्हणजे १६५ अंश फॅरनहाइट, झाले की कोंबडी खाण्यास सुरक्षित मानली जाते. विंग्स मात्र ८० ते ८८ अंशांपर्यंत न्याव्यात, कारण त्यांच्या सांध्यांत चिवट संयोजी ऊती पुष्कळ असतात आणि त्या विरघळल्याशिवाय मांस हाडापासून सुटत नाही. धुरावर शिजलेले मांस कातड्याखाली गुलाबी दिसते, आणि हाडाजवळही कधी लालसर असते. रश्श्यातल्या पांढऱ्या पडलेल्या मांसाची सवय असलेल्या घरात हे ताट कच्चे म्हणून परत जाते. वास्तविक धुरातील वायू मांसातील मायोग्लोबिन या रंगद्रव्याशी जोडले जाऊन हा गुलाबी रंग टिकवतात, आणि कोवळ्या कोंबडीच्या हाडातील मगजाचा रंगही बाहेर झिरपतो. रंगावरून निर्णय करू नये, आकड्यावरून करावा.

मसाल्याच्या बाबतीत मराठी घराने आपले काही सोडण्याचे कारण नाही. लावण्याची रीत तेवढी बदलावी. दही, आले-लसणाचे वाटण किंवा ओला हिरवा मसाला कातडे भिजवतो आणि रात्रभराचे वाळवणे वाया घालवतो. मालवणी मसाला, हळद, धणे-जिऱ्याची पूड आणि थोडी साखर हे कोरडे मिश्रण स्मोकरमध्ये ठेवण्याआधी चोळावे. साखर अगदी बेताची, कारण चढत्या आचेला ती करपते. मालवणी आणि गोड्या मसाल्यात दगडफूल असते आणि त्याचा स्वतःचा वासच मातकट-धुरकट असल्याने हे मसाले रश्श्यापेक्षा निम्म्याने वापरावेत. ओले जे काही लावायचे ते शेवटी: कोकमाचे आगळ, गूळ आणि लाल तिखट आटवून केलेला पाक उतरवण्याआधी पाच मिनिटे ब्रशने लावला, तर तिकडच्या गोड बार्बेक्यू सॉसपेक्षा तो कितीतरी सरस ठरतो.

जागेचा प्रश्न चवीइतकाच महत्त्वाचा आहे. बहुतेक नवी कुटुंबे आधी अपार्टमेंटमध्ये राहतात, आणि अमेरिकेतील अनेक शहरांनी स्वीकारलेल्या अग्निसंहितेनुसार बहुमजली इमारतीच्या जळाऊ बांधकामापासून १० फुटांच्या आत उघड्या जाळाची ग्रिल, काही अपवाद सोडल्यास, चालत नाही. त्यामुळे भाडेकरार वाचल्याविना गॅलरीत निखारे पेटवू नयेत. गॅरेजमध्ये किंवा घरात कोळसा पेटवणे तर जिवावर बेतते, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो. भरताला वाटीतल्या निखाऱ्याची धुरी देण्याची घरची सवयसुद्धा तिकडे छतावरच्या धूरसूचकाला पुरेशी ठरते आणि मजला जागा करते. धुरी अंगणात द्यावी. ऑस्ट्रेलियात उन्हाळ्यात ज्या दिवशी संपूर्ण आगबंदी जाहीर होते त्या दिवशी लाकूड-कोळशाचा बार्बेक्यू बेकायदा असतो. अंगण नसलेल्यांसाठी सार्वजनिक उद्यानांतल्या लोखंडी ग्रिली हा चांगला मार्ग आहे.

तिकडचा अंगणातल्या स्वयंपाकाचा ऐन हंगाम जुलै-ऑगस्टचा, आणि नेमका तेव्हाच श्रावण येतो. त्यामुळे मराठी घरांतला पहिला बेत आषाढ अमावास्येच्या आधी आणि दुसरा गणेशविसर्जनानंतर, पाने रंगू लागल्यावर होतो. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या स्थानिक मंडळांच्या सहलींतही या तिथी पाहूनच सामिष जेवण ठरवणे इष्ट. अशा सहलीत शाकाहारी मंडळींची कणसे, पनीर आणि ढोबळी मिरची पूर्णपणे वेगळ्या जाळीवर, वेगळ्या चिमट्याने भाजावी, आणि मुस्लिम शेजारी येणार असतील तर हलाल शिक्का पाहूनच विंग्स घ्याव्यात. देवनार-गोवंडीत वाढलेल्यांना हे सांगावे लागत नाही, इतरांना लागते.

शिजलेल्या विंग्स बाहेर दोन तासांहून अधिक, आणि उन्हाचा पारा ३२ अंशांवर असेल तर तासाहून अधिक ठेवू नयेत. उरलेल्या फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतात. त्यांची हाडे आणि गोठवलेली टोके मिळून उकळलेल्या पाण्यात कांदा-खोबऱ्याचे भाजलेले वाटण घातले की धुरकट वासाचा तांबडा रस्सा होतो, आणि मुलांना तो मूळ विंग्सइतकाच आवडतो. खरकटी हाडे अंगणातल्या उघड्या डब्यात रात्रभर राहू देऊ नयेत, कारण रकून आणि काही भागांत अस्वलेही वासावर येतात. राख झाकणाच्या धातूच्या डब्यात, घराच्या लाकडी भिंतीपासून दूर, दोन दिवस पूर्ण थंड होऊ द्यावी आणि मगच कचऱ्यात टाकावी.