लेकीला फिजिक्ससाठी परदेशी धाडण्याआधी

अगं, लेक घरातला मिक्सर उघडून बसलीय आणि तू शाळांच्या इमारतींचे फोटो बघतेस! जरा इकडे बैस. दहावीनंतर बाहेर पाठवायचंच आहे ना, मग एवढं कानात ठेव.

१. देश नंतर, अभ्यासक्रम आधी ठरव — ब्रिटनच्या ए-लेव्हलला तीन-चारच विषय, पण खोल. आयबीला, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटला, सहा विषय आणि वर ४,००० शब्दांचा निबंध. पोरीला इतिहास, भाषाही आवडत असतील तर आयबी, नाहीतर ए-लेव्हल.

२. ए-लेव्हलला 'फर्दर मॅथ्स' शिकवतात का विचार, आयबीला फिजिक्स 'हायर लेव्हल'लाच घे — हायरला २४० तास असतात, स्टँडर्डला १५०.

३. अमेरिकेतली शाळा "आमच्याकडे एपी फिजिक्स आहे" म्हणाली की हुरळू नकोस, कुठलं ते विचार — १ आणि २ बीजगणितावर भागतात, कॅलक्युलस लागतं ते 'सी'ला, आणि ते सगळ्या शाळांत नसतं.

४. व्हिसाचे नियम शाळा निवडण्याआधी वाच — अमेरिकेच्या सरकारी हायस्कुलात एफ-१ व्हिसावर फार तर १२ महिने, तेही पूर्ण खर्च भरून. ब्रिटनचा चाइल्ड स्टुडंट व्हिसा तर फी घेणाऱ्या खासगी शाळांसाठीच.

५. प्रयोगशाळा बघ, आणि ती भरलेली असताना बघ. माहितीपत्रकाला कुलूप नसतं, प्रयोगशाळेला असतं! व्हिडिओ कॉलवर एखाद्या मुलाचं प्रयोगाचं जर्नल दाखवायला सांग. लोलकाचं एकही रीडिंग खोडलेलं नसेल, सगळ्यांचे आकडे सारखेच असतील, तर तिथे मुलं मोजत नाहीत, उतरवतात. आठवड्यातून किती तास स्वतःच्या हाताने प्रयोग करायला मिळतात, तेही विचार — जिला वस्तू उघडून बघायची खोड आहे, ती नुसत्या फळ्यावर कोमेजते.

६. केमिस्ट्री सोडू देऊ नकोस — उद्या परत येऊन जेईई द्यावीशी वाटली तर पेपरात फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स तिन्ही विषय असतात. इथल्या प्रवेशासाठी बारावीशी समकक्षतेची चौकशीही आत्ताच कर.

७. नववी-दहावीच्या गुणपत्रिका शिक्का मारून आधीच घेऊन ठेव, फी परताव्याचे नियमही लेखी माग — मे महिन्यात शाळेचं ऑफिस बंद असू शकतं, आणि तोंडी आश्वासनाला पावती नसते.

८. समुद्र ओलांडण्याआधी मुळशी बघून ये — तिथल्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजात १९९७ पासून आयबी शिकवतात. यूडब्ल्यूसीच्या निवडीतून परदेशातल्या कॉलेजांतही मुलं जातात, आणि ऐपत बघून मदत मिळू शकते.

९. शेवटची दोन नावं उरली की तिलाच तिथल्या फिजिक्सच्या शिक्षकांशी बोलू दे, तू खोलीबाहेर थांब — तू समोर असलीस की ती तुझेच प्रश्न विचारेल. बाहेर आल्यावर ती काय म्हणते ते मात्र नीट ऐक, आणि त्यावरच ठरव.