सत्ताविसावी शब आणि 4,300 रुपये

गेल्या रमजानमध्ये सव्वीस रात्री मी एकही तरावीह चुकवली नव्हती. सत्ताविसाव्या शबला आमच्या मशिदीत कुरआन पूर्ण होणार होतं. इशाच्या आधी एका मित्राचा मेसेज आला, 'सगळे येतायत, तूच नाहीस.' तेवढ्यावर मी निघालो. अम्मी काही बोलली नाही. तिने माझी टोपी परत खुंटीला अडकवली.

मिनारा मशिदीच्या गल्लीत मालपुवा आणि फिरनी झाली, मरीन ड्राइव्हला फोटो झाले, मग सहरीसाठी हॉटेल. सव्वातीनला टेबलाशी आम्ही पाच जण, पाचही माना मोबाइलमध्ये. मला बोलावणारा चिडलेला होता, कारण दुसरा ग्रुप लोणावळ्याला गेल्याची स्टोरी त्याने पाहिली होती. 'तिकडेच जायला हवं होतं यार!' ज्याच्यामागे राहण्याच्या धास्तीने मी नमाज सोडून आलो, तो स्वतःच आणखी कुणाच्या मागे राहिल्याने तळमळत होता. ती रात्र शबे कद्र असू शकते. हजार महिन्यांहून मोलाची, म्हणजे 83 वर्षं 4 महिने. माझ्या वाट्याला त्यातलं ते टेबल आलं.

सगळी बिलं मीच भरली, 4,300 रुपये, ईदच्या कपड्यांच्या पैशांतून. मला बोलावणारा 'उद्या देतो' म्हणाला. ईदला त्याचा नव्या पठाणीतला फोटो बघितला. पैसे मागितले तर म्हणे, 'यारीत हिशेब करतोस?' आणि ग्रुपमधून मलाच काढलं. मी कंजूस नाही. माझे पैसे मागणं हा गुन्हा नाही.

सूरह बकराची 282वी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत, आणि ती उधारी लिहून ठेवण्याबद्दल आहे. लहानपणी पाठ केली, कामी आणली नाही. आता शंभर रुपये दिले तरी मी त्याच मिनिटाला रक्कम आणि तारीख मेसेजने पाठवतो. यारी असेल तर समोरच्याला राग येत नाही.

रमजानच्या शेवटच्या रात्री अशा वाया जाऊ नयेत म्हणून विसाव्या रोजाच्या मगरिबपासून सगळे ग्रुप म्यूट करा. इशाला निघताना फोन अम्मीच्या कपाटात ठेवा. खिशातला फोन बंद केला तरी हात तिकडे जातोच. दुनियेच्या बाबतीत आपल्याहून कमी असलेल्याकडे बघा, अशी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. स्टोरी बघताना आपण नेमकं उलट करतो. संगत चांगली ठेवा. आणि 'तूच नाहीस' म्हणणाऱ्याला आधी विचारा, बिल कोण भरणार?